बाळू पालवणकर

बाळू बाबाजी पालवणकर (जन्म : धारवाड, १९ मार्च १८७६, मृत्यू : मुंबई, ४ जुलै १९५५) हे डावखुरे मंदगती गोलंदाज होते. भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील सर्वश्रेष्ठ गोलंदाजांत त्यांची गणना होते. समकालीन वृत्तपत्रांत व धावफलकांवर त्यांचा उल्लेख पी. बाळू असा येतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात जन्मलेले बाळू मुंबईच्या तिरंगी व चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून खेळले आणि १९११ साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघाचे प्रमुख गोलंदाज ठरले. ज्या स्पर्धेने त्यांना नाव दिले तिची रचना धर्म आणि वंश यांच्या भेदावर उभी होती. तरीही याच स्पर्धेच्या निमित्ताने हिंदू समाजातील शिवाशिवीचा प्रश्न जिमखान्याच्या पंगतीत आणि वृत्तपत्रांच्या रकान्यांत येऊन पोहोचला. पुढे बाळू राजकारणात आले. पुणे कराराच्या स्वाक्षरीकर्त्यांत त्यांचे नाव आहे.

बालपण आणि पुण्यातील दिवस

पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आले. बाळूंचे वडील सैन्याच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यात स्थिरावले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल या चौघा भावांनी क्रिकेटचे पहिले धडे छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर गिरवले. पुढे हे चारही भाऊ हिंदू संघाकडून खेळले. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका कुटुंबातून असे घडावे, याला तोड नाही.

घरच्या ओढगस्तीमुळे बाळूंचे शिक्षण लवकर थांबले. पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रोलर फिरवण्याचे काम त्यांना महिना तीन रुपयांवर मिळाले. सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकणे हेही त्याच कामात येई. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात चार रुपयांवर गेले. तेथे जाळी उभारणे, गवत कापणे, खेळपट्टीवर चुन्याच्या रेषा आखणे ही कामे त्यांच्याकडे होती. त्यांच्या हाताची करामत हेरून जिमखान्याच्या सभासदांनी त्यांना जाळीत नियमित गोलंदाजी करायला लावली.

या सभासदांत जे. जी. ग्रेग हे त्या काळचे भारतातील सर्वोत्तम युरोपियन फलंदाज होते. इतर सभासद येण्याच्या आधीच ग्रेग मैदानावर येत आणि तासभर बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी एकदा बाद केले की ग्रेग आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. महिना चार रुपये पगार असलेल्या मुलाला आठ आण्यांचे मोल काय वाटत असेल, ते सहज ध्यानात येते. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. चेंडू टाकणे ही चाकरी आणि फलंदाजी हा साहेबाचा मान, अशी ती विभागणी होती. टप्पा आणि दिशा यांवर बाळूंची जी विलक्षण हुकमत पुढे सर्वांना दिसली, ती या हजारो तासांच्या चाकरीतून आलेली होती.

मैदान आणि पंगत

पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या क्लबाला युरोपियनांवर मात करायची होती आणि त्यांना हरवू शकेल असा गोलंदाज त्यांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर क्लबात वाद झाला. काही तेलुगू सभासदांचा त्यांना पाठिंबा होता, तर ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. अखेर जिंकण्याच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली आणि बाळू संघात आले. ही सुरुवात उदारमतातून झाली नव्हती, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

प्रवेश मिळाला तोही अर्धामुर्धा. मैदानावर सर्वांचे हात एकाच चेंडूला लागत. चहाची वेळ झाली की बाकीचे सभासद आत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे. ते भांडे नंतर टाकून दिले जाई. हात-तोंड धुण्यास पाणी हवे असेल तर त्यांच्यासारखाच अस्पृश्य नोकर ते लांब कोपऱ्यात आणून घाली. जेवणही वेगळ्या पानावर असे. ज्या बोटांनी फेकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलतो, त्याच बोटांचा स्पर्श कपाला चालत नाही, ही विसंगती खेळामुळे जितकी उघडी पडली तितकी ती व्याख्यानांनी क्वचितच पडली असेल.

साताऱ्यातील एका सामन्याची हकिगत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. तेथील गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंच्या फिरकीचा धाक घेऊन आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवली होती. बाळूंनी तीवरही सात बळी घेतले आणि पुण्याच्या संघाने सामना जिंकला. परतल्यावर झालेल्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा गौरव केला आणि ज्यांच्यासोबत आपण खेळतो त्यांच्यासोबत खाणेपिणेही करावे, असा सल्ला खेळाडूंना दिला, असे सांगितले जाते. लोकमान्य टिळकांनीही त्यांच्याविषयी जाहीरपणे गौरवाचे उद्गार काढल्याची नोंद आढळते. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर पुण्यात एकमेकांविरुद्ध उभे असलेले हे दोन पक्ष निदान एका गोलंदाजाच्या बाबतीत एका बाजूला आले.

मुंबई आणि १९०६ चा सामना

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि त्या धामधुमीत पालवणकर बंधू पुणे सोडून मुंबईत आले. मुंबईत प्रत्येक समाजाचा जिमखाना वेगळा होता. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ साली स्थापन झाला होता. तेथेही बाळूंच्या प्रवेशास काहींचा विरोध झाला. संघनायक कीर्तिकर यांच्या आग्रहामुळे तो मोडून निघाला. बाळू मुंबई-बडोदा-मध्य भारत रेल्वेच्या संघाकडूनही खेळत. (वसई आणि विरारवरून जाणारा आजचा पश्चिम रेल्वेचा मार्ग तो याच कंपनीचा.) रेल्वेसारख्या मोठ्या कंपन्यांना आपापल्या संघासाठी चांगले खेळाडू हवे असत. जन्मजातीने बंद ठेवलेल्या नोकरीच्या वाटा कधी कधी अशा खेळामुळे उघडत.

मुंबईत १८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांच्यात दरवर्षी सामने होत होते. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघ बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांविरुद्ध उतरला. भारतीयांना या जिमखान्याचे सभासदत्व नव्हते. बंगालच्या फाळणीनंतरचे हे दिवस होते आणि स्वदेशीची चळवळ देशभर पसरत होती. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धावांत संपला. विजयासाठी २१२ धावा हव्या असताना ते १०२ धावांत बाद झाले आणि हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. त्यांपैकी पाच निर्णायक दुसऱ्या डावातील होते. धाकटे बंधू शिवराम हेही या संघात होते.

या विजयाचे दोन अर्थ लावले गेले. सामान्य प्रेक्षकांच्या दृष्टीने राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवले होते. सुधारकांचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. इंडियन सोशल रिफॉर्मर या मुंबईच्या साप्ताहिकाने संघाच्या जडणघडणीवर भर दिला. पुण्यात ज्या खेळाडूला बाहेर चहा मिळत होता, तोच मुंबईत संघातील उच्चवर्णीयांसोबत जेवायला बसतो, यात त्या पत्राला समाजाच्या वाटचालीची खूण दिसली. वसाहतीतील वांशिक चुरस आणि हिंदू समाजातील जातिभेद हे दोन वेगळे प्रश्न या सामन्यात एकमेकांत गुंतले. गोऱ्यांना हरवायचे तर संघाला आपल्यातील भिंत थोडी तरी पाडावी लागली. पुढच्या वर्षीही हिंदू संघाने युरोपियनांवर विजय मिळवला. १९०७ पासून पारशी, युरोपियन आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली.

इंग्लंडचा दौरा

१९११ च्या उन्हाळ्यात पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. मुंबईच्या मैदानावर एकमेकांविरुद्ध उभे राहणारे पारशी, हिंदू आणि मुसलमान खेळाडू येथे एका संघात होते आणि कर्णधार शीख होता. बाळू आणि शिवराम हे दोघे बंधू या संघात होते. पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष असल्यामुळे महाराजांचा बराच वेळ समारंभांत गेला आणि संघाला नेतृत्व असे फारसे लाभले नाही. खेळलेल्या २३ सामन्यांपैकी सहा जिंकले, १५ हरले आणि दोन अनिर्णित राहिले.

या अपयशी दौऱ्यात बाळूंची कामगिरी उठून दिसते. खांदा दुखत असतानाही त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील असून त्यांची सरासरी सुमारे २० आहे. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम गोलंदाजी ठरली. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद ११३ धावा काढून एक गडी राखून विजय मिळवून दिला. प्रथम श्रेणीच्या एकूण ३३ सामन्यांत बाळूंनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. ते खेळत होते तेव्हा भारताला कसोटीचा दर्जा नव्हता. पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तोवर बाळू छप्पन्न वर्षांचे झाले होते.

परतल्यावर मुंबईत दलित वर्गांच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. त्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे सांगितले जाते. आंबेडकर तेव्हा मुंबईत महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. बाळू हे त्या काळच्या अस्पृश्य समाजातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती होते आणि शिकणाऱ्या मुलांना अभिमान वाटावा असे दुसरे नाव तेव्हा सहज सापडण्यासारखे नव्हते.

कर्णधारपदाचा प्रश्न

बाळूंच्या आयुष्यातील खरा संघर्ष येथून पुढे आहे. पंगतीत जागा मिळाली होती. नेतृत्व मिळत नव्हते. अनुभव आणि कर्तबगारी पाहता हिंदू संघाचे कर्णधारपद १९१० नंतर केव्हाही त्यांच्याकडे यायला हवे होते. ते एम. डी. पै यांच्याकडे गेले. आपल्या सत्काराच्या प्रसंगी पै यांनी स्वतःच हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता, असे मान्य केले. सवर्ण कर्णधाराने असे जाहीरपणे सांगावे, हे त्या काळी थोडे नव्हते. निवड समितीवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही. संघात घेताना समितीला बळी घेणारा हात पुरत होता. कर्णधार करायचे म्हणजे सवर्ण खेळाडूंनी एका चर्मकाराचा हुकूम मानायचा आणि समोरच्या संघनायकाशी त्याने बरोबरीने हस्तांदोलन करायचे. अडचण तेथे होती.

१९२० च्या डिसेंबरमधील चौरंगी सामन्यांच्या वेळी ही धुसफूस उघड झाली. बाळूंना आरंभी संघातून वगळण्यात आले. पै प्रकृतीमुळे पहिला सामना खेळू शकत नव्हते, तेव्हा कर्णधारपद पुण्याचे दि. ब. देवधर यांना देण्यात आले. देवधर उत्तम फलंदाज होते, यात वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम त्यांना ज्येष्ठ होते. जातीमुळे आपल्याला डावलले गेले, असे जाहीर निवेदन देऊन दोघे बंधू संघातून बाहेर पडले. वृत्तपत्रांत वाद रंगला आणि जनमत बंधूंच्या बाजूने झुकले. असहकाराच्या आंदोलनाचा तो काळ होता. गांधीजी अस्पृश्यता निवारणाचा प्रश्न स्वराज्याशी जोडून मांडत होते. अशा वेळी हिंदूंच्या म्हणवणाऱ्या संघाने आपल्याच खेळाडूंना अशी वागणूक द्यावी, हे लोकांना पटण्यासारखे नव्हते.

समितीला माघार घ्यावी लागली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परतले, दोघे बंधू संघात आले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. सामन्यात काही वेळ पै मैदान सोडून गेले आणि त्या वेळात संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. पै यांनी हे हेतुतः केले असे मानले जाते. सामना अनिर्णित राहून अजिंक्यपद दोन्ही संघांना विभागून मिळाले. चाळिशी ओलांडलेल्या बाळूंचा चौरंगी स्पर्धेतील हा अखेरचा हंगाम होता. पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांना मोठ्या सामन्यात नेतृत्व मिळाले ते असे, उसने आणि काही काळापुरते.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. त्या गर्दीत सर्व जातींचे लोक होते. विठ्ठल यांच्या कर्णधारपदाच्या चार हंगामांपैकी तीन हंगामांत (१९२३, १९२५ व १९२६) हिंदू संघ विजेता ठरला. त्यांनी पुढे माझे क्रीडाजीवन हे आत्मचरित्र लिहिले.

स्पर्धेची दुसरी बाजू

या स्पर्धेला सलोख्याचे साधन म्हणावे की भेदाचे, यावर त्या काळापासून दोन मते आहेत. सामन्यांच्या दिवसांत मुंबईतील व्यवहार मंदावत, मैदानाभोवती तंबू पडत आणि जागा न मिळालेले प्रेक्षक झाडांवर चढून बसत. जित आणि जेते यांना एकाच नियमाखाली, एकाच पंचासमोर उभे करणारी दुसरी जागा त्या काळच्या मुंबईत नव्हती. मात्र संघ धर्म आणि वंशानुसार पाडलेले होते. ख्रिस्ती, ज्यू आणि इतरांना तर १९३७ पर्यंत संघच नव्हता. त्या वर्षी इतरांचा संघ धरून स्पर्धा पंचरंगी झाली. विजय हजारे यांच्यासारखा ख्रिस्ती मराठी फलंदाज या इतरांच्या संघातून पुढे आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जातीय तणाव वाढला, तशी या स्पर्धेवरील टीकाही वाढली. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी जातवार संघांना आपला विरोध कळवला. १९४६ च्या आरंभी झालेल्या हंगामानंतर ती बंद पडली.

दक्षिण आफ्रिकेत १९९५ साली रग्बीच्या विश्वचषकाचा वांशिक सलोख्यासाठी उपयोग करण्यात आला. अध्यक्ष नेल्सन मंडेला यांनी गोऱ्यांचे प्रतीक समजली जाणारी संघाची जर्सी अंगात घालून गोऱ्या कर्णधाराच्या हाती चषक दिला. तेथे राज्यसत्तेने विचारपूर्वक पाऊल उचलले होते. मुंबईच्या सामन्यांमागे असा कोणाचा हेतू नव्हता. येथे जे काही साधले ते चुरशीच्या ओघात आणि एका कुटुंबाच्या चिकाटीमुळे साधले. त्यामुळे त्याला मर्यादाही पडल्या. हिंदू संघातील जातींच्या भिंतीला खिंडार पडत असताना हिंदू आणि मुसलमान यांच्या संघांमधील भिंत तशीच उभी राहिली.

राजकारण

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्य वर्गांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरपासून येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले. बाळू स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात होते. एम. सी. राजा यांच्याबरोबर त्यांनी तडजोडीच्या वाटाघाटींत भाग घेतला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर डॉ. आंबेडकर आणि राजा यांच्याबरोबर बाळूंचीही स्वाक्षरी आहे. या कराराने स्वतंत्र मतदारसंघ रद्द होऊन प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या.

१९३३ साली ते हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. बाळूंनी त्याला विरोध केला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईच्या राखीव जागेवर बाळूंना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने आपले मानपत्र लिहिले असे सांगितले जाते, त्याच्याशीच ही लढत झाली. लोकप्रियतेच्या जोरावर बाळूंनी तुल्यबळ मते घेतली असली, तरी दलित राजकारणाचा ओघ आता आंबेडकरांकडे वळला होता. हिंदू समाजाच्या आत राहून, त्याच्या हृदयपरिवर्तनावर भिस्त ठेवण्याची बाळूंची भूमिका त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आली होती. मैदानावर ती काही अंशी फळली होती. ज्यांना चेंडूची करामत लाभली नव्हती, अशा लक्षावधींना ती वाट किती उपयोगी होती, हा आंबेडकरांचा आक्षेप आज अधिक सबळ वाटतो. बाळूंच्या विस्मरणाचे एक कारणही बहुधा याच लढतीत आहे. नंतरच्या दलित चळवळीला ते आपले वाटले नाहीत आणि सवर्णांच्या क्रिकेट-इतिहासात त्यांच्या जातीचा प्रश्न फारसा आला नाही.

अखेर

एकविसाव्या शतकाच्या आरंभी रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात पालवणकर बंधूंची कथा विस्ताराने मांडली. तेव्हापासून बाळूंचे नाव पुन्हा चर्चेत आले. मुंबईत प्रभादेवी येथे पी. बाळू मार्ग आहे.

अस्पृश्यतेचे आचरण दंडनीय ठरवणारा अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १ जून १९५५ रोजी अमलात आला. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, ४ जुलै १९५५ रोजी, बाळू पालवणकर यांचे मुंबईत निधन झाले. सांताक्रूझ येथील स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.